पैलवान सिस्टर

पैलवान सिस्टर रागावल्या की लाकडं फोडायच्या. हॉस्टेलच्या मागं बाभळीच्या ओंडक्यांचा ढीग असे. त्या पदर खोचायच्या, कुऱ्हाड उचलायच्या आणि असे घाव घालायच्या की आतली पोरं पाढे विसरायची. मूळच्या कऱ्हाटीच्या. वडील तालमीतले, मुलगा नव्हता, म्हणून सगळे डाव त्यांनी लेकीलाच शिकवले. मठात गेल्यावर कुस्ती सुटली, मनगटं तशीच राहिली. भिगवणपासून आत, उसाच्या पट्ट्यात आमचं गाव. तिथल्या चर्चच्या हॉस्टेलवर त्या आल्या आणि गावानं लगेच त्यांचं खरं नाव टाकून दिलं.

एवढा राग यायला कारण होतं. आमच्या चर्चमधल्या मुलांना आणि दुबळ्या माणसांना जपायचं काम त्यांच्याकडं होतं, त्यामुळं घराघरातला मार त्यांच्या कानावर यायचा. कुणा बापानं पोराला पट्ट्यानं फोडून काढलेलं, कुणी पोरीचं डोकं भिंतीवर आपटलेलं. सिस्टर शांतपणे ऐकायच्या, लेकराला दवाखान्यात न्यायच्या, तक्रार करायच्या आणि मग मागं जाऊन कुऱ्हाड घ्यायच्या. मी एकदा विचारायला गेले तर घाम पुसत म्हणाल्या, "ह्यो ओंडका म्हंजी त्या पोरीचा बाप हाय असं समज. माणसाला हात लावायचा न्हाय हा नियम मीच केलाय, मग काय करू?"

तो नियम त्या दर रविवारी चर्चमधला प्रार्थनाविधी, मिस्सा, संपला की दारात उभं राहून सांगत. इथं कुणी कुणावर हात उचलायचा नाही. उचलला तर तो कुणी का असेना, मुलांच्या कामातून कायमचा बाहेर. नुसतं सांगून थांबतील तर त्या सिस्टर कसल्या. आतून बंद होणारी एकही खोली ठेवायची नाही म्हणून एक दिवस हातोडा घेऊन निघाल्या आणि वेदीमागच्या खोलीपासून ऑफिसपर्यंत सगळ्या कड्या ठोकून पाडल्या. फादर हबकले. "निदान न्हाणीघराची तरी ठेवा," म्हणाले. "ठेवलीय की. तितं एकट्यानंच जायचं असतंय," सिस्टर म्हणाल्या.

माझा थोरला भाऊ दाद्या त्यांचा खास माणूस. चाळिशीला आलेला, पण समज लहान पोराची, आणि त्यात फिट यायची. सिस्टरांनी त्याला मिस्साआधी बाकं पुसायचं काम दिलं होतं. दाद्या एकच बाक सकाळभर पुसत बसायचा, तरी त्या कौतुक करायच्या. त्याच्या गोळ्या संपल्या की मला घेऊन बारामतीला जायच्या. आम्ही अशाच गोळ्या आणायला गेलो होतो, तेव्हा ते घडलं.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात अण्णा नावाचा एक प्रार्थनावाला गावात आला होता. दाद्याला फिट नव्हे, सैतान धरतो, असं त्यानं आईला पटवलं. आमच्याकडं झावळ्यांच्या रविवारी शिंदीच्या झावळ्यांवर आशीर्वाद होतो आणि ती झावळी वर्षभर घरातल्या क्रुसामागं जपून ठेवतात. अण्णानं घरोघरच्या वाळलेल्या झावळ्या मागवल्या आणि त्यांची जुडी बांधली. आशीर्वादाच्या झावळीनं माणसाला इजा होत नाही, मार बसतो तो सैतानाला, असं तो म्हणाला आणि सगळ्यांनी ते खरं मानलं. शिंदीच्या झावळीला बुडाशी दाभणाएवढे काटे असतात, हे त्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

आम्ही चर्चच्या फाटकातून आत शिरलो तर अण्णाच्या प्रार्थनेसाठी घातलेल्या मंडपात जोरजोरात गाणं चालू होतं आणि त्या गाण्याखाली दाद्याचं ओरडणं. अण्णा त्याला झोडपत होता. पाठीचं कातडं फाटून लोंबत होतं. रक्त आलं की लोक "निघाला, निघाला" म्हणत आणखी मोठ्यानं गात होते. दाद्याचे पाय दाबून बसली होती ती माझी आई. तिनं आपल्या घरची झावळीही दिली होती.

सिस्टर गर्दी फाडत गेल्या, अण्णाचा हात धरला, त्याला पाठीवर घेतला आणि धोबीपछाड मारला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. खोटं कशाला बोलू, मला तो गोड लागला. मग त्यांनी खाली पडलेल्या अण्णाच्या तोंडात दोन ठेवून दिल्या. लोक खवळले, दगड आले, एक सिस्टरांच्या कपाळावर बसला. तशाच रक्ताळलेल्या त्यांनी दाद्याला खांद्यावर टाकलं आणि हॉस्टेलच्या गाडीत घातलं.

दाद्याला दवाखान्यात टाके पडले आणि सिस्टर थेट पोलीस ठाण्यात गेल्या. "आधी माझं लिवून घ्या," त्या म्हणाल्या. "मी एका माणसाचं हाड मोडलंय, पडल्यावर बी मारलंय. मग त्यानं काय केलं ते सांगते." तेच त्यांनी पुण्याहून चौकशीला आलेल्या चर्चच्या समितीपुढंही सांगितलं.

एव्हाना गावानं दाद्याची पाठ पाहिली होती. दगड मारणारेच आता सिस्टरांना माफ करा म्हणून समितीपुढं हात जोडत होते. अण्णावर केस झाली, त्याला चर्चची दारं बंद झाली. सिस्टरांचं काय चुकलं, असं सगळ्यांचं म्हणणं. आई त्यांच्या पायाशीच बसली. सिस्टरांनी तिला उठवलं. "आक्का, माझा मार माफ झाला, तर उद्या अण्णा इचारंल, माझा का न्हाय? आपुन दाद्याच्या भल्यासाठीच मारतोय असं त्याला बी वाटतच हुतं."

नियमाप्रमाणे त्यांना मुलांच्या आणि दुबळ्या माणसांच्या कामातून काढलं. लांबच्या मठात हिशेब बघायला पाठवलं. मला सिस्टरांचा राग आला. अजून येतो. जगात मारणारे उजळ माथ्यानं फिरतात आणि वाचवणारी स्वतःला शिक्षा मागून घेते, हे मला पटलेलं नाही.

भिगवण स्टेशनवर आम्ही त्यांना सोडायला गेलो. मारानंतर दाद्या आईला जवळ येऊ देत नव्हता. तिनं हात पुढं केला की डोकं झाकून खाली बसायचा. समितीचा निकाल लागेपर्यंत मी आणि सिस्टरच त्याला जेवू-खाऊ घालायचो. फलाटावर सिस्टर दिसल्या तसा तो दोन्ही हात पसरून धावला. सिस्टरांनी हात पाठीमागं बांधले.

"दाद्या, लांबनं. मला आता मनाई हाय."

त्याला काय कळणार? सिस्टर रुसल्या असं त्याला वाटलं आणि तो आपल्याच थोबाडीत मारू लागला. सटासट, ओठ फुटेस्तोवर. मी पुढं झाले, तर सिस्टरांनी मानेनंच मला थांबवलं.

"आक्का, तुमी धरा त्याला," त्या म्हणाल्या.

"मला न्हाय धरू द्यायचा तो," आई रडत म्हणाली.

"मी गेल्यावर कोण धरणार हाय? धरा."

आईनं दाद्याचे हात धरले. त्यानं हिसडे दिले, तिच्या तोंडावर गुद्दा मारला, मनगटाला चावला. आईनं मनगट सोडवलं नाही. गाडी आली, सिस्टर चढल्या, गाडी हलली. दाद्या हिसडे देऊन थकला आणि मग डोकं न झाकता आईच्या खांद्यावर रेलला.