काचेतलं संमतिपत्र

नव्या बॅचच्या पहिल्या तासाला मी फिजिक्स शिकवत नाही. गोष्ट सांगतो. भूकंपात आईवडील गेले, घराच्या जागी दगडांचा ढीग उरला, धाकट्या बहिणीला घेऊन मी लातूरला आलो, शिकलो आणि तिलाही शिकवलं. हॉलभर मुलं गप्प बसून ऐकतात. काही मुली डोळे पुसतात. यातलं आईवडिलांचं आणि घराचं खरं आहे. बहिणीला मी लातूरला कधीच आणलं नाही.

गेल्या वर्षी कंधारकडचा एक विद्यार्थी तास संपल्यावर मोबाइल घेऊन पुढे आला.

"सर, आमच्या गावच्या मठात म्युझियम केलंय. त्यात हे पत्र आहे. सहीत तुमचंच आडनाव आहे, अक्षर तर तुमच्या फळ्यावरच्यासारखंच दिसतंय."

"आडनावं सारखी असतात रे," मी म्हणालो. पुढच्याच रविवारी एसटीत बसलो. ते पत्र तिथून काढून आणायचं, एवढंच डोक्यात होतं.

तो मठ महानुभाव पंथाचा. आईची मावशी तिथे संन्यासिनी होती. भूकंपानंतर आम्ही दोघं पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो, तेव्हा ती आली आणि म्हणाली, पोरीला काही दिवस नेते. बहीण पंधरा वर्षांची होती. एसटीच्या खिडकीतून तिनं विचारलं, "दादा, न्यायला कधी येतूस?"

"बारावी झाली की," मी म्हणालो.

बारावी झाली. मग बीएस्सी झाली. लातुरात गल्लोगल्ली क्लास निघत होते, त्यातल्या एकात मला शिकवायला घेतलं. तेव्हा मठातून पत्र आलं. बहीण दीक्षा घ्यायची म्हणते, या. त्या मठाची रीत अशी होती की घरच्या माणसानं समोर बसून तीनदा विचारायचं, 'घरी येतेस का?' तिन्ही वेळा ती नाही म्हणाली, तरच दीक्षा.

परीक्षेच्या आधीची बॅच चालू होती. दोन दिवसांची रजा मागितली असती तर मिळाली असती. मी मागितली नाही. वहीचं पान फाडून लिहिलं, 'माझी हरकत नाही', खाली सही केली आणि पोस्टात टाकलं. पेटीपासून परत येताना मला हलकं वाटत होतं. तिच्या लग्नाची काळजी मिटली होती. हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी बहीण गेल्याचा फोन आला, तेव्हा क्लासच्या प्रवेशांची गर्दी होती. तेव्हाही गेलो नाही.

मठात आता दोनच संन्यासिनी उरल्या आहेत. रिकाम्या झालेल्या दोन खोल्यांत गावच्या एका निवृत्त मास्तरांनी हे म्युझियम मांडलंय. भिक्षेच्या झोळ्या, काळी लुगडी, पोथी ठेवायच्या लाकडी घडवंच्या, मोठं जातं. प्रत्येकाखाली मास्तरांच्या हातची चिठ्ठी. दाखवायला त्या दोघींतल्याच एक म्हाताऱ्या बाई होत्या, काठी टेकत माझ्या पुढे चालत होत्या.

"हात लावू नगा, पाव्हणं. मास्तर मलाच रागं भरतो. म्हनतो, बाई, तुमीच जुन्या हायत, तुमालाबी काचंत ठिवतो."

पत्र शेवटच्या कपाटात होतं. घड्यांवर कागद विरला होता. खाली मास्तरांची चिठ्ठी: 'दीक्षेस बंधूंनी आनंदाने दिलेली संमती.'

"हे घरगुती पत्र आहे," मी म्हणालो. "असं सगळ्यांसमोर कशाला ठेवायचं? ज्याचं त्याला परत द्यावं."

"ज्याचं त्याला? त्यो कवा आला हितं?" बाई खाली बसल्या. "आमच्यात घरचा मानूस तीनदा इचारतो. तिचा भाऊ आलाच न्हाई. सांजपर्यंत वाट बघितली, दुसऱ्या दिवशीबी बघितली. मग थोरल्या बाईंनी हेच पत्र तीनदा वाचलं. माझी हरकत न्हाई. माझी हरकत न्हाई. माझी हरकत न्हाई."

"मग ती काय म्हणाली?"

"काय म्हनंल? पत्रात इचारलं कुठं व्हतं काई?"

मी पुन्हा म्हणालो, कारण त्यासाठीच आलो होतो, "तरी पण हे काढून टाकलेलं बरं."

"काढायचं कसं? तिनंच ठिवलंय. आमाला सोताचं काई ठिवायची मुभा न्हाई. लई वर्सं ते पोथीच्या रुमालात दडवून ठिवलं व्हतं, जिवाला खात व्हतं तिच्या. मास्तरनं जुन्या चिजा मागितल्या, तवा आपनहून आनून दिलं. म्हनली, आता हे मठाचं झालं, आता बघायला हरकत न्हाई. रोज सकाळी येऊन काच पुसायची. भावाचं तेवढंच अक्षर व्हतं तिच्याकडं."

मला काचेत पत्र दिसेना, माझंच तोंड दिसत होतं. मी बाजूला झालो. मीच तो, एवढे दोन शब्द बोलायचे होते. बाईंनी मला मारलं नसतं. बहुतेक पाणी दिलं असतं, जेवून जा म्हणाल्या असत्या. तेच मला नको होतं.

बाई काठीवर जोर देऊन उठल्या, दाराला कडी घालता घालता म्हणाल्या, "तुमी लातूरचे म्हनला न्हवं? त्यो बी लातुरातच क्लास घेतो म्हनं, लई मोठा. वळखता का?"

"नाही," मी म्हणालो.

"कवा गाठ पडली तर सांगा त्याला. काच आता मी पुसते म्हनावं."

"सांगतो," मी म्हणालो.