पाठानंतरची शांतता

नाताळाआधीच्या एका रविवारी, लोहाऱ्यात, माझ्या वडिलांनी शास्त्रपाठ वाचला, बायबल मिटलं आणि ते बोलले नाहीत.

वडील आमच्या मंडळीचे पाळक होते. भूकंपानंतर बांधलेल्या एका पत्र्याच्या हॉलमध्ये आमची उपासना भरते. बाया-पुरुष एकाच बाकावर बसतात, पाठ बायकाही वाचतात, आणि प्रवचन चालू असताना कुणीही बोलू शकतं. ही वडिलांनीच पाडलेली रीत. ते मध्येच एक प्रश्न विचारून थांबत. उत्तर येईपर्यंत पुढं जात नसत. नवा माणूस त्या शांततेत खोकू लागे, मोबाइल चाचपू लागे. जुनी माणसं मान खाली घालून बसत. पोरांना दटावून ठेवलेलं असे, साहेब गप झाले की हलायचं न्हाय.

एकदा बायबलातल्या उधळ्या मुलाच्या, घर सोडून गेलेला धाकटा परत येतो त्या गोष्टीवर ते असेच थांबले होते, तेव्हा पुढच्या बाकावरच्या आजींनी विचारलं होतं, "बाप दारात हुबा हाय, थोरला पोरगा रुसलाय, सगळं खरं. पर साहेब, त्या घरातली आई कुठं गेली?" वडील म्हणाले, "मला माहीत नाही." त्या दिवशीचं प्रवचन तिथंच संपलं. कधी ते दारापाशी चपलांच्या ढिगाजवळ बसून बोलत, बाहेर राहिलेल्यांविषयी. त्यामुळं व्यासपीठावर त्यांनी काहीही केलं तरी लोक त्यात अर्थ शोधत. त्यांना तशी सवयच लागली होती.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला जेवताना ते म्हणाले, "ते दे." मी पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यांनी मान हलवली. त्यांना मीठ हवं होतं. मिठाकडं बघत होते, पण शब्द येत नव्हता. मग स्वतःच हसले. काही दिवसांनी उपासनेच्या झग्याची बटणं लावताना उजवा हात नीट वळेना. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. बटणं मी लावली.

रविवारी मी बाजूला पेटी वाजवायला बसते. तिथून त्यांचा चेहरा दिसतो. त्यांचे थांबे आता प्रश्नानंतर येत नव्हते. वाक्याच्या मध्यावर येत होते. ओठ हलत, डोळे पत्र्याकडं जात, आणि समोर सगळ्या माना खाली असत.

उपासनेनंतरच्या चहाला आजी म्हणाल्या, "साहेब, आज लई येळ गप राहिलात. माजा सगळा जन्म डोळ्यापुढनं गेला बघा."

"वय वाढलं की बोलणं कमी होतं आणि वजन वाढतं," मंडळीच्या पंचांपैकी एक निवृत्त गुरुजी म्हणाले.

"गुरुजी, ते थांबत नाहीत," मी म्हणाले. "अडतात."

"तू लई पुस्तकं वाचतीस, पोरी. बाप गप बसला तरी तुला आजार दिसतो."

सगळे हसले. वडीलही हसले, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर.

सोलापूरच्या डॉक्टरांना दाखवू या म्हणून मी रोज मागं लागत होते. "नाताळ होऊ दे," ते म्हणायचे. "आत्ताच गेलो तर लोक म्हणतील, येशू यायच्या आधी पाळकच गेला."

नाताळाआधीच्या त्या रविवारचा पाठ वर्षाच्या यादीत नेमलेला होता. म्हातारा याजक मंदिरात धूप जाळायला जातो. बाहेर लोक वाट बघतात, इतका उशीर का म्हणून बुचकळ्यात पडतात. तो बाहेर येतो तेव्हा त्याला बोलता येत नाही. शनिवारी संध्याकाळी मी स्वयंपाकघरात भाकरी टाकत होते आणि आतल्या खोलीतून त्यांची तयारी ऐकू येत होती. तेच वाक्य सुरू होई, त्याच जागी तुटे, पुन्हा सुरू होई. मी हात पुसून दारात गेले.

"पप्पा, उद्या दुसरा पाठ घ्या."

"नेमलेला पाठ बदलायचा नसतो," ते सावकाश म्हणाले. "आवडीचा पाठ निवडणारा स्वतःचंच सांगत बसतो."

सकाळी त्यांनी पाठ स्वच्छ वाचला. एकही शब्द अडला नाही. मला बरं वाटलं. मग त्यांनी बायबल मिटलं.

माना खाली गेल्या. आजींनी पदर डोळ्यांना लावला. एका बाईनं मांडीवरच्या पोराच्या तोंडावर हात ठेवला. मी पेटीवरून बघितलं, तर वडिलांच्या तोंडाची उजवी बाजू खाली आली होती. त्यांनी डावा हात वर केला आणि बोटांनी काहीतरी खुणावलं. गोष्टीतला याजकही असंच खुणावतो. ज्यांनी मान वर केली होती, त्यांनी ती समजल्यासारखी डोलावली.

मी उठले. शेजारी बसलेल्या गुरुजींनी माझी बाही धरली. "बस," ते कुजबुजले. "चाललंय त्यांचं."

"हे प्रवचन नाही," मी म्हणाले. मोठ्यानं बोलायची मला सवय नाही. मागच्या बाकांवर ते गेलंही नसेल.

वडिलांनी व्यासपीठावरच्या मेजाचं कापड धरलं. ते कापड आणि वरची फुलदाणी घेऊनच ते खाली गेले. तरी हॉल क्षणभर तसाच बसून होता.

"अगं बया," आजी ओरडल्या, "माणूस पडला की!"

स्टँडवरची जीप आणून त्यांना आधी उमरग्याला आणि तिथून सोलापूरला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, हे नेमकं कधी सुरू झालं, किती वेळ गेला. मेंदूतली गुठळी विरघळवायचं औषध द्यायचं की नाही ते त्यावर ठरणार होतं. मी म्हणाले, पाठ संपल्यावर. किती वेळ, ते मला सांगता येईना. सोबत आलेले गुरुजी भिंतीकडं बघत म्हणाले, "आम्हाला वाटलं, प्रवचन हाय."

वडील घरी आले, पण त्यांचं बोलणं परत आलं नाही. काही महिने ते पुढच्या बाकावर आजींशेजारी बसत. कुणी बोलताना थांबलं की त्यांचा डावा हात आजींचं मनगट घट्ट धरे. उन्हाळ्यात ते गेले.

नवा पाळक अजून मिळालेला नाही. रविवारी पाठ मीच वाचते, थोडं बोलते, प्रश्न विचारते आणि थांबते. आता कुणी मान खाली घालत नाही. सगळे माझ्या तोंडाकडं बघत असतात. मग पुढच्या बाकावरून आजी विचारतात, "बाई, बरं हाय ना?"

बरं आहे, असं मी म्हणते. त्यानंतरच कुणीतरी उत्तर देतं.