रॉबिना आणि टेकाडाची किल्ली

मी सातूचं पीठ ताकात कालवून अर्धंमुर्धं मळलं होतं, इतक्यात रॉबिना दारात येऊन उभी राहिली. एका हातात काठी, दुसऱ्यात किटली, खांद्यावर मेंढ्यांच्या खाद्याचं रिकामं पोतं आणि दोराचं वेटोळं.

"हात धू आणि चल," म्हणाली. "अडकले तर ओढायला कुणीतरी हवंय."

पीठ ओल्या फडक्याखाली झाकलं आणि निघाले. आज काय आहे ते बेटावर सगळ्यांना ठाऊक होतं.

रॉबिना सीटर माझी शेजारीण. उत्तर टोकावरच्या शेवटच्या घरात ती सून म्हणून आली, आणि घरामागच्या टेकाडाची किल्ली तेव्हापासून तिच्या चुलीजवळच्या खिळ्याला आहे. टेकाडाच्या पोटात फार जुन्या लोकांचं दगडी थडगं आहे. बोटीतून माणसं येतात, रॉबिना लोखंडी दार उघडते, हातात विजेरी देते, आत काय बघायचं ते रंगवून सांगते. माणसं रांगत जातात, चिखलानं माखून आणि हरखून बाहेर येतात. ती स्वतः मात्र कधीच आत गेली नव्हती. टेकाडाच्या राखणदाराला पहिल्या धारेच्या दुधाचा मान द्यायचा आणि त्याच्या माजघरात शिरायचं नाही, असा त्या घराचा दंडक. सासूनं तो लावला, हिनं पाळला.

मला ते दूध घालणं कधी पटलं नाही. रविवारी देवापुढे गुडघे टेकायचे आणि सोमवारी टेकाडावर किटली उपडी करायची! मी बोलले की ती म्हणायची, "शेजाऱ्याला दूध दिलं म्हणून देव रागावत असेल, तर तू मला दिलेल्या जॅमचं काय?"

गेल्या उन्हाळ्यात एक पाहुणा आत घाबरून बसला, बाहेर यायला तयार होईना. तेव्हा शहरातून नियम आला: किल्ली ज्याच्याकडे, त्याला आतल्या खोलीपर्यंत जाता आलंच पाहिजे. नाहीतर किल्ली धक्क्यावरच्या कचेरीत जाणार. रॉबिनाच्या खुब्यात धातूचा सांधा आहे. तिला गुडघ्यावर बसता येत नाही, रांगणं तर दूरच. किल्ली गेली असती तर पाहुणे तिच्या दारावरून नुसते पुढे गेले असते, आणि नवरा, टॅम, गेल्यापासून त्या दारात दुसरं येतंय कोण?

रॉबिना आत जाते का ते बघायला कचेरीतली कर्स्टन फ्लेट टेकाडापाशी थांबली होती. पोरगी भली, तिलाच अवघडल्यासारखं झालं होतं. नाही जमलं तरी कुणी नावं ठेवणार नाही, असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती.

रॉबिनानं आधी टेकाडाच्या माथ्यावर जाऊन किटली ओतली. गाय परवा व्यायली, तेव्हा चीकच होता, पिवळाधमक. मग वाकून गवताला म्हणाली, "न विचारता शिरू नये म्हणतात. मी विचारतेय." वारा होता तसाच होता. तिनं मान डोलावली, जणू उत्तर मिळालं.

खाली येऊन तिनं पोतं दारात अंथरलं, त्याला दोर बांधला आणि दुसरं टोक माझ्या हातात दिलं. आजारी मेंढीला टॅम असाच पोत्यावर घालून घरी ओढत आणायचा. ती पोत्यावर उताणी झाली. आम्ही दोघींनी धरूनच तिला आडवं केलं.

"हसू नकोस गं," ती मला म्हणाली.

"मेंढी इतकी बोलत नाही," मी म्हटलं.

दोन्ही हातांनी बाजूचे दगड धरत, अंग मागे रेटत ती डोक्याकडून आत सरकली. आधी टोपी दिसेनाशी झाली, मग पोट, शेवटी बुटांचे तळवे. माझ्या हातातला दोर थोडा थोडा जात राहिला. मग थांबला.

कर्स्टननं हाक मारली. उत्तर नाही. मी दोर घट्ट धरला आणि मनातल्या मनात प्रार्थना सुरू केली. ओढू का नको, कळेना.

आणि आतून स्तोत्र आलं.

रॉबिनाचा आवाज चर्चमध्ये म्हणजे गंजलेली बिजागरी. ती गायला लागली की पुढच्या बाकावरचे खोकतात. पण त्या दगडांनी तोच आवाज घेतला आणि असा भरून बाहेर पाठवला, की उतारावरच्या मेंढ्यांनी चरता चरता माना वर केल्या. माझ्या पायाखालची जमीन गात होती. दूध कुणाला घातलं, हे त्या घटकेला मी विसरले. स्तोत्र कुणाचं आहे ते मला ठाऊक होतं. दुसऱ्या कडव्याला मीही बाहेरून सूर धरला.

स्तोत्र संपल्यावर आतून ऐकू आलं, "भिंतीला धरून उभी राहिलेय. छत चांगलं उंच आहे. कर्स्टन, तू येतेस का? पोतं मोकळं आहे."

कर्स्टन रांगतच गेली. दोघींचं हसणं बाहेर आलं, मग रॉबिना पायांकडून बाहेर आली, तिला दोर ओढून मीच काढलं. केसांत माती, कोपर खरचटलेलं, चेहरा नव्या नवरीसारखा. कर्स्टननं लोखंडी दार लावलं आणि किल्ली तिच्याच हातावर ठेवली.

"सासूबाई काय म्हणाल्या असत्या?" मी विचारलं.

"म्हणाल्या असत्या, इतकी वर्षं विचारलं का नाहीस?"

किल्ली एप्रनच्या खिशात टाकून तिनं काठी उचलली. दुपारच्या बोटीनं पाहुणे यायचे होते आणि विजेरी मिणमिणत होती. रॉबिना दुकानाकडे सेल आणायला निघाली.