कानसेन पंखे ऐकतात

सायकलच्या दुकानावरच्या माडीवर एक गृहस्थ दुपारभर डोळे मिटून बसलेले असत. समोर टेबल, टेबलावर चार घड्या घातलेला टॉवेल, टॉवेलावर उभा केलेला एक रेडिएटर आणि त्याला जोडलेला पंखा. पहिल्यांदा येणाऱ्याला वाटे, स्वारी झोपलीय. पण ते झोपलेले नसत, ऐकत असत.

सगळे त्यांना कानसेन म्हणत. पाण्याने गार राहणारे कॉम्प्युटर बांधून देणं हा त्यांचा धंदा. कॉम्प्युटरच्या पोटातली उष्णता पाणी उचलतं, नळीतून रेडिएटरपर्यंत नेतं आणि तिथे पंखे त्या पाण्याला वारा घालतात. एवढंच. पण पंखा जोरात फिरला तर पाणी गार होतं आणि शेजारी बसलेल्याचं डोकं तापतं. हळू फिरला तर डोकं शांत, पण पाणी तापतं. या दोन्हींच्या मधली जागा शोधण्यात कानसेनांची वीस वर्षं गेली होती, आणि ती वाया गेली असं त्यांना कधी वाटलं नाही.

पंखा नुसता हवेत धरून ते कधी ऐकत नसत. मोकळ्यावर सगळेच गुणी असतात, असं त्यांचं म्हणणं. रेडिएटरच्या दाट पात्यांसमोर उभा केला की एकेकाचं पितळ उघडं पडे. कुणी घुरघुरायला लागे, कुणाला धाप लागे. रेडिएटरच्या मागे त्यांनी लोकरीचा एक धागा टांगला होता. धागा उचलला गेला म्हणजे वारा आरपार आला. मग वेग एकेक पायरी वाढवत न्यायचा, पंखा ज्या आकड्याला तोंड उघडेल तो पेन्सिलीने वहीत लिहायचा, आणि गिऱ्हाइकाकडे त्याच्या जरा खालीच पंख्याला ठेवायचं. कंपन्यांच्या छापील तक्त्यांकडे बघून ते नाक मुरडत.

ऐकता ऐकता ते कुठल्या कुठे जात. एका पंख्यात त्यांना उंच झाडांची रांग दिसे, एकात दूरची नदी. एक जुना काळा पंखा होता, तो लावला की कुणीतरी धुतलेली चादर झटकून घडी घालतंय असं वाटे आणि त्यांना उगाच आईची आठवण येई. गिऱ्हाईक जिन्यात खाकरलं की ते दचकून डोळे उघडत.

कानांचा एवढा लोभ त्यांना वडिलांमुळे लागला होता. वडील कापडाच्या गिरणीत मागावर होते. मागांच्या खडखडाटाने त्यांचे कान गेले, पण त्यांनी ते कुणाला कळू दिलं नाही. कुणी काही बोललं की हसून मान डोलवायची, झालं. दहा वर्षांचे कानसेन एकदा म्हणाले होते, "बाबा, मला ताप आलाय." वडील मान डोलवत म्हणाले, "छान, छान." घरात त्या गोष्टीवर पुढे कितीतरी वर्षं हशा व्हायचा. कानसेन कधी हसले नाहीत. त्या होकाराचा त्यांना आयुष्यभर राग होता.

तर अशा या माणसाकडे त्यांची भाची आली. ती न बांधलेल्या इमारतींची चलचित्रं तयार करी. खिडकीतून ऊन कसं येईल, जिना कसा वळेल, सगळं आधीच दाखवायचं. त्या कामात कॉम्प्युटर तासन् तास तापे. घर दोन खोल्यांचं, नवरा सकाळीच कामावर जाई, आणि सात महिन्यांची चिंगी दुपारी दोन तास झोपे, तेही त्याच खोलीत. ते दोन तास हेच भाचीचं ऑफिस. कॉम्प्युटरने आवाज वाढवला की चिंगी उठे आणि ऑफिस बंद होई. असंच चालू राहिलं तर हे काम सोडावं लागेल, असं ती हसत म्हणाली, पण हसणं काही खरं नव्हतं.

कानसेनांनी कॉम्प्युटर बांधला. तीन पंखे निवडायला चार दुपारी घालवल्या. नेऊन बसवला, स्वतः खोलीच्या कोपऱ्यात उभं राहून ऐकलं आणि समाधानाने घरी गेले.

तिसऱ्या दिवशी भाचीचा फोन. पंखे चालू झाले की चिंगी चुळबुळते आणि दहा मिनिटांत उठून बसते. एक बारीक शिट्टी येतेय. कानसेन लगेच गेले. भाचीने कॉम्प्युटर कामाला लावला आणि बोट वर केलं. "आता. ऐक. आली ना?"

कानसेनांनी कान टवकारले. मंद, सारखा वारा येत होता. त्यापलीकडे काही नव्हतं. भाचीचा चेहरा मात्र दाताला थंड पाणी लागावं तसा झाला होता, आणि चटईवर चिंगीने डोळे मिटूनच कपाळाला आठी घातली.

"आली," कानसेन म्हणाले आणि त्यांनी मान डोलवली.

पंखे काढून पिशवीत घालून ते रस्त्याला लागले. आपण काय केलं ते त्यांना सिग्नलपाशी उमगलं. हिरवा दिवा लागला, माणसं पलीकडे गेली आणि ते तिथेच उभे राहिले.

माडीवर येऊन त्यांनी तीन प्रकारचे पंखे एकामागून एक लावले. तिन्ही सुरेख. तिन्ही निर्मळ. असं कधी होत नसतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? खाली सायकलवाल्याने घंटी वाजवून बघितली. गेली दोन वर्षं त्या घंट्या बोथट झाल्यात अशी त्यांची तक्रार होती, आणि तसं त्यांनी सायकलवाल्याला सुनावलंही होतं. घंट्या त्याच आहेत, माल तोच आहे, असं तो बिचारा शपथेवर सांगत होता. कानसेनांनी पंखा बंद केला. शिट्टीएवढा बारीक आवाज आता त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता. त्यांना फार भीती वाटली. लोक उद्या आपल्याला कुठल्या नावाने हाक मारतील, असा एक पोरकट विचारही आला.

तिन्हींतला एक प्रकार नशिबावर सोडून बसवता आला असता. लागला तर लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी तिन्ही पिशवीत भरले, रेडिएटर घेतला, धागा घेतला आणि भाचीच्या दारात उभ्याउभ्याच सांगून टाकलं. "काल मला काही ऐकू आलं नव्हतं. मी खोटं बोललो."

भाचीने पिशवी हातातून घेतली. "मला वाटलंच, मामा. तू नको इतकी मान हलवलीस."

चिंगी दूध पिऊन चटईवर पेंगत होती. कानसेनांनी टॉवेल पसरून रेडिएटर मांडला आणि वही मांडीवर घेतली. "बारीक आवाज तू ऐक," ते म्हणाले. "तू सांग, मी लिहितो."

पहिल्या पंख्याला भाचीने लगेच हात हलवला, आणि चिंगीच्या कपाळावर आठी आली. दुसऱ्याला दोघीही स्वस्थ राहिल्या. पण धागा जेमतेम हलला. एवढ्याने पाणी गार होणार नाही, कानसेन म्हणाले. तिसऱ्याचा वारा जाड होता, खालच्या सुरातला. धागा आडवा झाला. भाचीला शिट्टी आली नाही, पण हा आवाज मोठा नाही का, अशी तिला शंका होती. आवाज मोठा नव्हे, बदलता वाईट, कानसेनांनी समजावलं. काम वाढताक्षणी पंखे पळायला लागतात म्हणून पोर दचकते. पाणी हळू तापतं आणि हळू निवतं. पंख्यांचा वेग त्या पाण्याच्या तापमानाला बांधून टाकला की वारा कधी वाढला ते झोपलेल्याला कळणारही नाही.

तासाभरात सगळं जोडून झालं. पडद्यावर एक जिना हळूहळू उजेडाने भरायला लागला. वारा वाढला असेल, नसेल. चिंगीची मूठ सुटली, बोटं चटईवर पसरली. कपाळ कोरं होतं. कानसेनांचा जीव भांड्यात पडला.

भाची खुर्चीतून मागे वळून अगदी हलक्या आवाजात काहीतरी बोलली. कानसेन हसले, त्यांची मान डोलायला लागली, आणि मध्येच थांबली.

"परत सांग," ते म्हणाले. "मला ऐकू नाही आलं."

भाची उठली, चटईपाशी आली आणि त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, "म्हटलं, तूही पड जरा."

कानसेन चिंगीशेजारी आडवे झाले. पंख्यांचा वारा मात्र त्यांना नीट ऐकू येत होता. उंच झाडांची रांग होती. या खेपेला ते खरंच झोपले.