आत्याबाईंची ओटी

"घरंदाज आहे ती, उगाच नाही बोलायची," असं काकासाहेब म्हणाले, नेहमीसारखा नळीच्या तोंडावरून हात फिरवला, आणि तेवढ्यात ती बोलली.

आवाज कसा झाला ते मला सांगता येत नाही, कान बंदच झाले, खोलीभर धूर, उदबत्तीचा नाही, दुसराच, जळका, आणि माझी पिहू चौरंगाशी उभी, हातात झेंडूचा हार, तोंड उघडं, पण आवाज नाही. रडत का नाही ही? मी धावले, पाय पाटात अडकला, पडले, तशीच गुडघ्यांवर गेले, तिचं पोट बघितलं, पाठ बघितली, केसांत बोटं घालून घालून बघितलं. फ्रॉकवर लाल होतं, ते काय ते कळेना. चाटून बघितलं हो मी, चाटून. कुंकू होतं. कुंकूच होतं.

मग कोणीतरी ओरडलं, "हात! हात बघा त्यांचा!" काकासाहेबांचा. उजवा. तो कसा दिसत होता ते मी नाही सांगणार. ते भिंतीला टेकून बसलेले, हाताकडे बघतच नव्हते, चौरंगाकडे बघून विचारत होते, "तिला काही झालं नाही ना?"

मला वाटलं पिहूचं विचारतायत. मी म्हटलं, "नाही काकासाहेब, बरी आहे."

"अगं, आत्याबाई," ते म्हणाले. "खाली पडली ना ती."

आत्याबाई म्हणजे त्यांची बंदूक.

थांबा, नीट सांगते, हे सांगताना मला दम लागतो. देवासला टेकडीखालच्या गल्लीत आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने, मी, आमचे हे आणि पिहू. खाली घरमालक काकासाहेब, एकटेच. बायको कधीच गेलेली, मुलगा इंदूरला. गल्लीतले हिंदीवाले सुद्धा त्यांना काकासाहेबच म्हणायचे. देवासची पूर्वी दोन राज्यं, थोरली पाती आणि धाकटी पाती; त्यांचे आजोबा थोरल्या पातीच्या दरबारात होते, ही दुनळी बंदूक तिथून आलेली. स्वतः काकासाहेब बिजलीच्या ऑफिसात बिलं बनवायचे. पण रुबाब दरबाराचा. धाकट्या पातीकडचा कोणी म्हातारा भेटायला आला की दारातूनच, "या, धाकटे! चहा अर्धा कप मिळेल." दोन्ही राज्यं गेली त्याला किती जमाना झाला, ह्यांचा अर्धा कप काही सुटला नाही.

आणि माणूस म्हणाल तर चिमणीला हाड म्हणणार नाही. दिवाळीत फटाके सुरू झाले की कानात कापूस घालून बसायचे. पाल दिसली की वर हाक, "सूनबाई, लवकर ये, तो प्रकार आलाय!" मी झाडू घेऊन खाली जायची, तोवर हे खुर्चीवर पाय वर घेऊन बसलेले. सच्ची सांगते, असल्या माणसाच्या घरात बंदूक आहे ह्याचं मला आधी हसूच यायचं.

पिहूला मराठी त्यांनीच शिकवली. माझी स्वतःची कुठे धड आहे? मी धरमपुरीची, हिंदी शाळेत आठवीपर्यंत, मराठी वाचायला बसले तर ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरते. पिहू 'पानी' म्हणाली की काकासाहेब चष्मा काढून इकडे तिकडे शोधायचे. "पिहूताई, ण कुठे पडला तुमचा? बघा बरं पलंगाखाली." ती खरंच पलंगाखाली जाऊन बघायची. मला म्हणायचे, "सूनबाई, 'सोचलं' नव्हे, 'विचार केला' म्हणावं." मी म्हटलं, "वेळ दोन्हीत तेवढाच जातो, काकासाहेब." असे हसले की कवळी सावरावी लागली.

तिला खोकला झाला तेव्हा ज्येष्ठमधाची काडी घेऊन दिवसातनं चार वेळा वर चढायचे, गुडघे दुखत असताना. हे सगळं खरं आहे. हे खरं नसतं तर मला एवढा राग नसता आला. वाईट माणसाचा राग करणं किती सोपं असतं.

आता आत्याबाईंचं. ह्या घरात लहान मुलं बंदुकीला घाबरू नयेत म्हणून तिला आत्याबाई म्हणायचं, पिढ्यान् पिढ्या. काकासाहेबांना त्यांच्या वडिलांनी असंच मांडीवर बसवून सांगितलेलं, "ही आत्या. हिच्याशी नीट वागलं की ही घर राखते." जवळून जाताना नमस्कार. दिवाळीला तेलपाणी. आणि खंडेनवमीला हत्यारांची पूजा सगळेच करतात, कोणी विळी ठेवतं, कोणी स्कूटर पुसून हार घालतं, पण ह्यांच्याकडे आत्याबाई चौरंगावर निजायच्या आणि त्यांची ओटी भरायची.

ओटी म्हणजे काडतुसं. दोन नळ्यांत दोन. ती सुद्धा दरवर्षी नवी, इंदूरहून आणलेली, कारण शिळी ओटी भरत नाहीत.

पहिल्या वर्षी मी हे बघितलं तेव्हा दारापर्यंत मागे सरकले. आमच्या घरी बंदूक म्हणजे मामाचा डोळा. धरमपुरीला एका बारातीत नवऱ्या मुलाच्या कोणा काकाने दारू पिऊन गोळी झाडली, खुशीत, आणि छर्रा आला मामाच्या डोळ्यात, मामा तर बिचारा जिलबी खात उभा होता. तेव्हापासून आईने दिवाळीची टिकल्यांची बंदूक सुद्धा घरात येऊ दिली नाही. भाऊ रडरड रडला, तिने नेऊन नर्मदेत टाकली. खेळण्यातली, पत्र्याची. मी असल्या आईची आहे.

तर मी काकासाहेबांना म्हटलं, "पूजेला रिकामी ठेवा ना. देवाला काय कळतंय आत काय आहे."

ते माझ्याकडे असे बघायला लागले जसं मी काही घाण बोलले. "सवाष्ण घरी आली तर रिकाम्या ओटीने पाठवतेस का तू?"

"ती सवाष्ण नाही काकासाहेब, बंदूक आहे."

"घरंदाज आहे ती. साठ वर्षांत एकदा नाही बोलली."

वर येऊन ह्यांना म्हटलं, आपण पुढच्या वेळी नाही जायचं. तर हे, "तू पण ना, फालतू टेन्शन घेते. आम्ही पण लहानपणी जाऊन हार घातलेत तिला, काही झालं का? इथले लोक असेच वाढलेत." ह्यांचं घर तीन गल्ल्या सोडून होतं. म्हणजे ह्यांनाही तेच दूध पाजलेलं. मी कोणाशी भांडणार?

ह्या वर्षी पिहू चार वर्षांची. काकासाहेबांनी तिला पुढे बोलावलं. इंदूरहून आलेली त्यांची नातवंडं समोर रांगेत बसलेली, हातात ताटल्या, नळीचं तोंड त्यांच्याकडे. मी ह्यांना कोपराने ढोसलं, हे म्हणाले, "चुप." हार चापावरून गेलेला. पिहूला त्यातलं मोठं फूल हवं होतं, तिने हार ओढला. एवढंच. मुलांना फूल हवं असतं.

काकासाहेबांचा हात नळीच्या तोंडाशी होता, नळी जरा वळली, आणि छर्रे हातातून जाऊन दाराच्या चौकटीत शिरले. मुलांना काही झालं नाही. आता गल्लीत सगळे म्हणतात, काकासाहेबांनी हात मध्ये घालून लेकरं वाचवली. वाचवली? कोणापासून वाचवली? भरून कोणी ठेवली होती ती?

दवाखान्यात हात मनगटापासून काढला. पिहू दोन दिवस मोठ्याने बोलत होती, ऐकू कमी येत होतं म्हणून. मग कान मोकळे झाले, ती खेळायला लागली, मी देवाला नारळ बोलले, आणि दुपारी कणीक मळत असताना बघते तर काय, बाईने पाटावर माझं लाटणं निजवलेलं, त्याला टिकली लावलेली, आणि बाहुलीची मान खाली दाबून म्हणते, "आत्याबाईंना नमस्कार कर. घाबलू नको."

कणकेचे हात तसेच, मी लाटणं ओढून घेतलं. ती ओरडायला लागली, "तिची ओटी भलायचीए!" माझ्या हातून मार बसला तिला. मग मी पण तिच्याजवळ बसून रडले. एवढा आवाज झाला, माणसाचा हात गेला, आणि पोरीच्या डोक्यात काय राहिलं तर आत्या लाड करायची वस्तू आहे. माझ्या आईने एक पत्र्याची बंदूक फेकून मला घडवलं. ह्या लोकांनी एका सकाळी माझी मुलगी घडवून टाकली.

दुसऱ्या दिवशी काकासाहेबांचा मुलगा वर आला. आम्ही त्याला दादा म्हणतो. खुर्चीत बसला, चहा घेतला, आणि म्हणाला, "वहिनी, पोलीस थान्यातून जमादार येईल विचारायला. एवढंच सांगा, बाबा सफाई करत होते, चुकून उडाली."

"आणि ओटी?"

"ओटीचं नका काढू. भरलेली बंदूक मुलांच्यात ठेवली म्हटलं तर बाबांवर केस. ह्या वयात? आणि लायसन माझ्या नावावर व्हायचंय. ते गेलं म्हणजे आत्याबाई गेल्या."

"जाऊ दे ना मग!"

"असं कसं वहिनी," आणि हे तो अगदी प्रेमाने म्हणाला, "पुढच्या नवमीला आपणच सगळे मिळून पूजा करू. आता काळजी घेऊ. हार लांबून घालायचा."

हार लांबून घालायचा! बापाचा हात गेला आणि हा शिकला काय, तर हार लांबून घालायचा. आमचे हे मान हलवून राहिले होते. दादा गेल्यावर म्हणाले, "भाड्याचं घर आहे, तोंड बंद ठेव. आणि काकासाहेबांनी आपल्याला काय कमी केलं?" काही कमी केलं नव्हतं. तेच तर.

जमादार आला. पायऱ्यांवरच उभा राहिला, चांगला माणूस होता. म्हणाला, "बहनजी, घबराओ मत. सफाई कर रहे थे ना?" त्याने तर उत्तर हातातच दिलं होतं, मला फक्त हो म्हणायचं होतं. मागे हे उभे. खाली जिन्याशी दादा. पिहूने माझी साडी धरलेली.

मी म्हटलं, "नहीं. पूजा थी. भरी हुई थी. हर साल भरते हैं. बच्चे सामने बैठे थे."

एका दमात.

बंदूक पोलिसांनी नेलीच होती, ती परत आली नाही, लायसन गेलं. केस पुढे फार चालली नाही. पण काकासाहेबांना दवाखान्यातून सुटल्यावर थान्यात नेऊन बसवलं, हाताला पट्टी असताना, आणि ते तिथे म्हणाले म्हणे, "मला काय विचारायचं ते विचारा, पण तिला जप्तीच्या मालखान्यात टाकू नका, तिकडे ओल असते." जमादारानेच ह्यांना सांगितलं. मी ऐकलं आणि मला हसू आलं आणि मग असा राग आला की मी कपडे आपटून आपटून धुतले. स्वतःच्या हाताचं एक अक्षर नाही!

संक्रांतीच्या सुमारास काकासाहेब इंदूरला गेले, मुलाच्या घरी. गेले म्हणजे वारले. गल्लीत आता मला कोणी हळदीकुंकवाला बोलवत नाही. नळावर म्हणतात, भाडेकरणीने म्हाताऱ्याचं घराणं थान्यात नेलं, त्याच धक्क्याने गेला. आम्ही दुसरीकडे खोली बघतोय.

पण मला नळावरच्या बायांचं काही नाही. मला त्या सकाळचं आहे, ज्या सकाळी दादा त्यांना इंदूरला घेऊन जाणार होता. गाडी गल्लीत सुरू करून ठेवलेली. मला जिन्यावर पावलं ऐकू आली, एक पायरी, थांबायचं, एक पायरी. मी आतून कडी लावली. दारावर वाजलं. डाव्या हाताने वाजवत होते ना, सवय नाही, एकदा दारावर, एकदा चौकटीवर.

"सूनबाई, निघतो गं. पिहूताईला दाखव जरा."

आवाजात राग नव्हता. असता तर मी दार उघडून भांडले असते. पिहू "काकासाहेब!" म्हणून धावली, मी तिला धरलं, तोंडावर हात ठेवला. ती लाथा झाडत होती. मला एकच दिसत होतं, मी उघडेन, ते तिला जवळ घेतील, आणि म्हणतील, येतील हो आत्याबाई परत, आणि ही त्यांचं ऐकेल. माझं नाही ऐकायची. त्यांचं ऐकेल, कारण त्यांच्यासारखं प्रेमाने ह्या घरात कोणीच बोलत नाही.

ते बराच वेळ उभे होते. एकदा म्हणाले, "झोपली असेल." खालून दादाने हॉर्न दिला. मग पावलं उतरत गेली, एक पायरी, थांबायचं, एक पायरी.

मी खिडकीतून सुद्धा नाही बघितलं. पिहूच्या तोंडावरचा हात काढला तेव्हा तिच्या गालावर माझी बोटं उठली होती.

तुम्हाला पण लेकरं असतील. तुम्ही उघडलं असतं का दार?