मॉक ड्रिलमधला अतिरेकी

शहरात स्फोट झाला त्याच आठवड्यात गाझियाबादमधल्या आमच्या सोसायटीला पोलीस ठाण्यातून निरोप आला: मॉक ड्रिल करायचं आहे, अतिरेकी म्हणून उभा करायला माणूस तुमचा तुम्ही द्या. मी सेक्रेटरी. माणूस मी निवडला.

आमचा इलेक्ट्रिशियन. नऊ वर्षं घराघरांत वावरलेला. कुणाच्या देवघरातला दिवा लागत नसेल तरी त्यालाच हाक.

"भाई, तू बन जा. दाढ़ी तो तैयार ही है," मी म्हणालो.

तो हसला. "डायलॉग भी है, साहब, या बस मार खानी है?"

पार्किंगमध्ये गार्डांनी त्याला पालथं पाडलं, हात बांधले. गॅलऱ्यांतून टाळ्या पडल्या. कुणीतरी व्हिडिओ काढला आणि टाळ्यांचा भाग कापून पुढे पाठवला. संध्याकाळपर्यंत तो आसपासच्या सगळ्या ग्रुपांवर फिरत होता: इथे एक पकडला. दुसऱ्या दिवशी घरमालकाने त्याला खोली सोडायला सांगितलं.

तो माझ्याकडे आला. सोसायटीच्या लेटरहेडवर दोन ओळी हव्या होत्या, ते नाटक होतं एवढंच. मी म्हणालो, कमिटीला विचारतो. विचारलं नाही.

"अहो, खरं तेच लिहायचंय ना?" बायको म्हणाली. "त्यात काय विचारायचं?"

आम्ही विदर्भातले बौद्ध. दिल्लीत आलो तेव्हा आडनाव सांगितलं की खोली 'अभी-अभी' गेलेली असायची. इथे पंधरा वर्षांनी लोक मला 'अपने आदमी' म्हणू लागले होते. त्याच्यासाठी सही केली तर ते म्हणायचे थांबतील, याची मला भीती वाटली. दुसरं कारण नव्हतं. आजवर हे बायकोलाही सांगितलेलं नाही.

तो आठवडाभर रोज आला. मग यायचा थांबला. फोन बंद. त्याची शिडी अजून मीटर रूममध्ये आहे.

यंदा दुसऱ्या कुठल्या शहरात काही झालं आणि ठाण्यातून पुन्हा तोच निरोप. मीटिंगमध्ये मी म्हणालो, "इस बार मैं बनता हूँ."

सगळे खो खो हसले. "अरे सर, आप तो अपने आदमी हो. आप पे कौन यक़ीन करेगा?"

नव्या प्लंबरलाही दाढी आहे. त्याचं नाव ठरलं. ठाण्याला कळवायचं पत्र लेटरहेडवर मीच लिहिलं.