चित्राचे दोन्ही हात

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला, हर्षवर्धनला, शांतता हवी होती. म्हणून ब्लँचर्डस्टाउनमधलं माझ्या शेजारचं घर सोडून हे दोघं ड्रोहेडा शहरापलीकडच्या एका खेड्यात गेले. "समुद्र हाकेच्या अंतरावर आहे," असं तो पुण्याला फोनवर सांगतो. आहे ना, गाडी चालवता येत असेल तर! पुण्यात स्कूटर उडवणारी माझी चित्रा इथे परदेशात खिडकीत बसून मेंढ्या बघायची. नुसतं आठवलं तरी डोकं फिरतं माझं.

शेवटी किनाऱ्यावरच्या बेटीस्टाउनमध्ये एका पाळणाघरात तिला नोकरी मिळत होती. पण दार उघडायला सकाळी लवकर पोचायचं, आणि पहिली बस त्यानंतरची. म्हणजे लायसन्स हवंच. दर रविवारी शेजारी बसून मी तिला शिकवलं. उत्तम चालवायला लागली.

आणि परीक्षेत नापास!

"ताई, वाटेत चर्च आलं गं," एवढंच म्हणाली.

तिची शेजारीण नोरा चर्चवरून जाताना छातीवर क्रूस काढते. तिच्या गाडीतून जाता-येता चित्राही नमस्कार करायला लागली. पण नोरा ते एका हातानं करते! आमच्या बाईसाहेबांनी शेजारी परीक्षक बसलेला असताना चक्क स्टिअरिंग सोडून दोन्ही हात जोडले.

"मनातल्या मनात करता येत नाही?"

"हात आपोआप जातात."

मी कपाळाला हात लावला. पाळणाघराची बाई "ग्रँड, ग्रँड", म्हणजे काही हरकत नाही, असं म्हणाली, पण जागा एवढा महिनाच राखणार होती.

दुसऱ्या परीक्षेला जाताना गावातलं चर्च दिसताच तिची बोटं स्टिअरिंगवर चुळबुळायला लागली.

"ताई, माझ्या वतीनं तू कर ना. म्हणजे मला करायला नको."

मी? गणपतीच्या आरतीलाही मी आईच्या धाकानं उभी राहायचे! पण चर्च जवळ येत होतं. चडफडत मी हात जोडले. तिचे हात जागचे हलले नाहीत.

परीक्षेच्या गाडीत मला थोडंच बसता येणार होतं? मी परीक्षा केंद्राबाहेरच्या बाकावर बसले. आता चर्च कधी लागेल, कुणास ठाऊक. चिडचिड होत होती, पण हात जोडूनच बसले. येणारे-जाणारे बघत होते. बघू देत.

कितीतरी वेळानं कुणीतरी खांद्याला हात लावला. चित्रा रडत होती, हसतही होती.

"सोड आता हात, ताई. पास झाले."